पूर्वनियोजन आणि दैवी निवड : कॅथलिक व प्रोटेस्टंट भूमिकांची तपासणी

कॅथलिक परंपरा इच्छास्वातंत्र्य मानते व प्रोटेस्टंट परंपरा पूर्वनियोजन मानते, अशी विभागणी परिचयात्मक लेखनात सर्रास आढळते. ती सोयीची असली तरी इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. दोन्ही परंपरा संत ऑगस्टीनच्या (३५४–४३०) कृपाविचाराच्या वारस आहेत. तारणाचा आरंभ मानवी पुण्याईतून नव्हे, तर ईश्वरी कृपेतून होतो, हे दोन्हींस मान्य आहे.

किंबहुना या प्रश्नावरील संघर्ष प्रत्येक परंपरेच्या अंतर्गतच झाला. जेझुइट मोलिनाच्या १५८८ मधील ग्रंथाने इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली आणि डॉमिनिकन बान्येझने तिला विरोध केला. १६०७ मध्ये पोप पाचवे पॉल यांनी निर्णय न देता परस्परांस दोषी ठरविण्यास मनाई केली. नेदरलँड्समध्ये आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० मध्ये कॅल्व्हिनवादी निवडसिद्धान्तावर आक्षेप घेतले. डॉर्टच्या धर्मसभेने (१६१८–१९) मात्र ते फेटाळले. ल्यूथरपंथीयांनी १५७७ च्या ‘फॉर्म्युला ऑफ काँकॉर्ड’मध्ये तारणासाठीची निवड स्वीकारली, परंतु विनाशासाठीचे पूर्वनियोजन नाकारले.

मग खरा मतभेद कोठे आहे? तो कृपा नाकारता येते काय आणि आपली निवड झाल्याची खात्री बाळगता येते काय, या दोन प्रश्नांत आहे. ट्रेंट परिषदेने १५४७ मध्ये पहिल्याचे उत्तर होकारार्थी दिले. दुसऱ्याबाबत, विशेष साक्षात्काराविना अशी खात्री अशक्य ठरविली. कॅल्व्हिनने ‘इन्स्टिट्यूट्स’च्या १५५९ च्या आवृत्तीत निवडीचे विवेचन ईश्वरस्वरूपाच्या प्रकरणात न करता कृपाप्राप्तीविषयीच्या तिसऱ्या खंडात केले. श्रद्धावंताला आश्वस्त करणे हा त्यामागील एक हेतू होय. तथापि ‘निवडलेल्यांत मी आहे काय?’ या शंकेने आश्वासनाचेच चिंतेत रूपांतर झाले. मॅक्स वेबरने १९०४–०५ मध्ये या चिंतेचा संबंध शिस्तबद्ध ऐहिक उद्योगशीलतेशी जोडला.

ट्रेंटच्या भूमिकेत मानवी उत्तरदायित्व टिकते, पण निश्चिती हरवते. कॅल्व्हिनच्या भूमिकेत निश्चितीस आधार मिळतो, पण न निवडलेल्यांबाबत ईश्वरी न्यायाचा प्रश्न अनुत्तरित राहतो.

मराठी अभ्यासकाने येथे ‘प्रारब्ध’ हा प्रतिशब्द टाळणे इष्ट. प्रारब्ध हे पूर्वकर्माचे फळ असते. ऑगस्टीनच्या उत्तरकालीन व कॅल्व्हिनच्या विचारातील निवड कर्माच्या आधी आणि कर्मनिरपेक्ष असते. हा भेद निसटल्यास वादाचे मर्मच निसटते.