'बेजबाबदार' फटक्याची चौकशी

१९८४ च्या डिसेंबरात दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानावर भारत-इंग्लंड कसोटीचा शेवटचा दिवस होता. सामना अनिर्णित राखायचा एवढंच काम होतं, आणि ते होईल असं दिसतही होतं. संदीप पाटील ४१ वर असताना फिल एडमंड्सला उंच मारायला गेला आणि झेल देऊन परतला. कपिल देवने पॅट पोकॉकला एक षटकार मारला, लगेच दुसरा मारायला गेला आणि तोही झेलबाद झाला. डाव गडगडला, इंग्लंड ८ गडी राखून जिंकलं. पुढच्या कलकत्ता कसोटीत दोघंही संघात नव्हते. ईडन गार्डन्सवर 'नो कपिल, नो टेस्ट'च्या घोषणा झाल्या, आणि कपिल त्यानंतरच्या मद्रास कसोटीत परत आला. १९७८ ते १९९४ या सगळ्या काळात त्याची हुकलेली ती एकच कसोटी. पाटीलसाठी कोणी घोषणा दिल्या नाहीत. त्याच्या जागी कलकत्त्यात अझरुद्दीन नावाचा नवा मुलगा खेळला, त्याने पदार्पणातच शतक ठोकलं, आणि विषय मिटला. दोनच महिन्यांपूर्वी फैसलाबादला १२७ धावा करणाऱ्या, अठ्ठावीस वर्षांच्या फलंदाजाचं कसोटी क्रिकेट तिथे संपलं.

ती दिल्लीची कसोटी निघाली की 'बेजबाबदार फटका' हे शब्द आजही पाठोपाठ येतात. मला या शब्दांची चौकशी करायची आहे. कारण याच पाटीलने अडीच वर्षांपूर्वी, १९८२ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर, इंग्लंडचा कर्णधार बॉब विलिसच्या एका षटकात सहा चौकार मारले होते (एक नो-बॉल धरून सात चेंडूंचं षटक), नाबाद १२९ केल्या होत्या, आणि तेव्हा सगळ्यांनी 'तडाखेबंद', 'घणाघाती', 'निर्भीड' असे शब्द काढले होते. फलंदाज तोच, बॅटही तितकीच जड. मग 'घणाघाती' कुठे संपतं आणि 'हाणामारी' कुठे सुरू होते?

आपल्या वृत्तपत्रांचं उत्तर सोपं आहे: चेंडू जिथे पडला तिथे. सीमारेषेपलीकडे पडला तर आक्रमक, क्षेत्ररक्षकाच्या हातात पडला तर बेजबाबदार. याला समीक्षा म्हणत नाहीत. हे निकालपत्र वाचणं झालं. वीरेंद्र सेहवागची दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहा. डिसेंबर २००३, मेलबर्न. सेहवाग १९५ वर, गोलंदाज सायमन कॅटिच, चेंडू फुलटॉस. सेहवाग षटकाराने द्विशतक पूर्ण करायला जातो आणि सीमारेषेवर झेल देतो. भारत पुढे ३६६ वर आटोपतो आणि सामना हरतो. पुढे बरेच दिवस लोक हळहळतात की पाच धावा एकेरी-दुहेरीने काढता आल्या नसत्या का. मार्च २००४, मुलतान. सेहवाग २९५ वर, गोलंदाज सकलेन मुश्ताक. पुन्हा षटकार, पण या वेळी चेंडू प्रेक्षकांत. भारताचं पहिलं त्रिशतक. आता हाच फटका दंतकथा होतो, 'हा माणूस वेगळ्या मातीचा' वगैरे.

खरं तर दोन्हींत जास्त समर्थनीय फटका मेलबर्नचा होता. कामचलाऊ फिरकीपटूने टाकलेला फुलटॉस, म्हणजे कुठल्याही शाळेतल्या प्रशिक्षकाने 'मार' म्हणावा असाच चेंडू. सेहवागची निवड बरोबर होती, अंमल चुकला. चूक आणि हाणामारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. द्रविडच्या बॅटची कड लागून स्लिपमध्ये झेल गेला तर आपण 'चूक झाली' म्हणतो. सेहवागचा झेल लाँग-ऑनकडे गेला की स्वभाव काढतो.

मग हाणामारी कशाला म्हणायचं? आधी शरीराचं बघू. मैदानी टेनिस बॉलच्या सामन्यात आठव्या क्रमांकावर येणारा एखादा धिप्पाड गडी आठवा. चेंडू सुटायच्या आत त्याचं ठरलेलं असतं. पुढचा पाय लेगला उघडतो, डोकं डाव्या खांद्याबरोबर लेगला कलतं, बॅट गोल फिरून मिडविकेटकडे जाते. चेंडू नेमका त्या वाटेत आला तर तो गायब होतो. नाही आला तर दांडी गुल. या फटक्याकडे दुसरा पर्याय नसतो. ऐन वेळी चेंडू आखूड निघाला, जरा बाहेर निघाला, हळू आला, तर त्या माणसाकडे करण्यासारखं काही उरत नाही. तो आधीच फिरून गेलेला असतो. पाय उघडण्यात पाप नाही, आज टी-ट्वेंटीत तो रीतसर शिकवला जातो. आडव्या बॅटमध्येही नाही, कट आणि पुल आडव्याच बॅटचे. आणि गंमत म्हणजे ज्या फटक्याच्या नावातच 'स्लॉग' आहे तो स्लॉग-स्वीप हा मागचा गुडघा टेकवून, डोकं खाली चेंडूच्या रेषेत ठेवून, फिरकीच्या दिशेने खेळायचा अगदी शिस्तीचा फटका आहे. स्टीव्ह वॉसारखा हिशेबी माणूस तो वर्षानुवर्षं खेळला. प्रश्न डोकं कुठे आहे आणि हात किती उशिरापर्यंत मोकळे आहेत, हा असतो.

इथे सेहवागकडे परत यावं लागतं, कारण 'फूटवर्क नाही' हा शिक्का त्याच्याइतका कोणावर मारला गेला नसेल. पाय हलत नाहीत हे खरंच होतं. पण पाय कशासाठी हलवायचे? डोकं चेंडूजवळ नेण्यासाठी आणि तोल राखण्यासाठी. सेहवागचं डोकं बहुतेक वेळा दगडासारखं स्थिर असायचं, चेंडू येईपर्यंत हात थांबायचे, आणि मग बाकीचे फलंदाज पायांनी जे साधतात ते तो हातांनी साधायचा. २००८ मध्ये गॉलला अजंठा मेंडिस नावाचं कोडं भारतीय फलंदाजांना सुटत नव्हतं. तीन कसोटींच्या त्या पदार्पणाच्या मालिकेत त्याने २६ बळी घेतले. दुसऱ्या टोकाला मुरलीधरन. तेंडुलकर, द्रविड आणि गांगुली या तिघांनी मिळून त्या पहिल्या डावात दहासुद्धा धावा केल्या नाहीत. सेहवाग सलामीला आला आणि शेवटपर्यंत नाबाद राहिला, ३२९ पैकी २०१. गंभीर आणि लक्ष्मण सोडले तर बाकी कोणी दोन आकडीही गेलं नाही. ज्यांचं तंत्र आपण मुलांना दाखवतो ते बाद होत गेले, आणि ज्याच्याकडे तंत्र नाही असं सांगतो तो डावभर टिकून वर चेंडूमागे धावेच्या आसपास वेगाने खेळत राहिला. अशा खेळीला केवळ 'नजरेची देणगी' म्हणून वाटेला लावणं हा समीक्षकांचा आळस आहे.

त्याच डावातली आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. १९९ वर असताना, शेवटचा गडी इशांत शर्मा समोर उभा असताना, सेहवागने मिळत असलेली एकेरी धाव नाकारली. द्विशतकापेक्षा इशांतला स्ट्राइक न देणं त्याला मोठं वाटलं. मेलबर्नला पाच धावांसाठी षटकार मारायला जाणारा आणि गॉलला एक धाव सोडून देणारा, दोघांत विसंगती नाही. दोन्ही वेळा तो हिशेब करत होता. तो आपल्या हिशेबासारखा नव्हता, इतकंच.

म्हणजे शरीराखेरीज दुसरा भाग आहे तो हिशेबाचा, आणि तिथे कपिल देव कामाला येतो. लॉर्ड्स, १९९०. इंग्लंड ४ बाद ६५३, त्यात गूचच्या एकट्याच्या ३३३. भारताचे नऊ गडी बाद झाले तेव्हा फॉलो-ऑन टाळायला २४ धावा हव्या होत्या आणि समोर नरेंद्र हिरवानी. कपिलने एडी हेमिंग्जला सलग चार षटकार मारले, सगळे समोरच्या बाजूला. चार सक चोवीस. पुढच्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर हिरवानी पायचीत झाला. त्या चार फटक्यांइतकी शहाणी फलंदाजी मी फार कमी पाहिली आहे. एकेरी काढून हिरवानीला खेळवणं हा 'जबाबदार' पर्याय होता आणि तो किती चेंडू टिकला असता हे पुढच्या षटकाने दाखवलंच. ऑफस्पिनर, सरळ बॅट, समोर मोकळी हवा. जोखीम होती, पण न मारण्यातली जोखीम त्याहून मोठी होती.

आता दिल्लीचा कपिल बघा. तोच दणका, समोर तसाच ऑफस्पिनर. पण त्या दिवशी धावांना किंमत नव्हती, वेळेला होती. षटकार लागला असता तरी सामना फारसा हलला नसता. झेल गेला तर दार उघडणार होतं. मला विचाराल तर दिल्लीतला कपिलचा दुसरा फटका ही हाणामारीच होती, आणि लॉर्ड्सचे चारही नव्हते. पाटीलच्या फटक्याबद्दलही, त्याच्यावर कितीही जीव असला तरी, वेगळं म्हणता येत नाही. पण एका सामन्यातला चुकलेला हिशेब आणि एका फलंदाजाचा स्वभाव या दोहोंत फरक करायला तेव्हा कोणी थांबलं नाही. कपिलकडे गोलंदाजी होती. पाटीलकडे फक्त तो हात होता, ज्याने विलिसला फोडलं होतं आणि ज्याने एडमंड्सला विकेट दिली.

मुंबईच्या 'खडूस' शाळेचं नाव इथे निघतंच. उंच मारायचं नाही, 'व्ही'मध्ये खेळायचं, विकेट फेकायची नाही. पाटील शिवाजी पार्कचा, त्यामुळे त्याच्या फटक्याकडे घरातल्या मुलाने आगळीक केल्यासारखं पाहिलं गेलं असावं. पण याच मुंबईत १९४८ पासून भर पावसाळ्यात कांगा लीग खेळली जाते. ओली विकेट, चेंडू कधी बसतो कधी उसळतो, आणि मैदानात वाढलेलं गवत. तिथे जमिनीवरून मारलेला सुंदर ड्राइव्ह तीस यार्डांवर गवतात रुतून बसतो. पाऊण तास बचाव करावा तर केव्हातरी न खेळण्याजोगा चेंडू येणारच. म्हणून तिथे शहाणा फलंदाज चेंडू हवेत उचलतो, क्षेत्ररक्षकांच्या मधल्या जागा हेरून. उंच मारणं हे मुंबईच्या तंत्राबाहेरचं नव्हतं कधीच. ते जूनपासून सप्टेंबरपर्यंतचं तंत्र होतं. ऑक्टोबरात आपण ते कपाटात ठेवून देत होतो आणि वर मुलांना सांगत होतो की असलं काही आपल्यात नसतं.

माझ्या मांडणीला सगळ्यात मोठी अडचण अर्थातच आजच्या फटक्यांची आहे. मघाशी मी म्हटलं की हाणामाऱ्याचं चेंडू सुटायच्या आत ठरलेलं असतं. पण रिव्हर्स स्कूप तरी काय, आधीच ठरतो. २०२१ मध्ये अहमदाबादला ऋषभ पंतने नव्या चेंडूवर जेम्स अँडरसनला स्लिपच्या डोक्यावरून उलटा मारला, तो चेंडू बघून ठरवलेला नव्हता. सूर्यकुमार यादव तर चेंडू सुटताना ऑफस्टंपबाहेर पोचलेला असतो. मग दोघं हाणामारीवाले?

नाही. आधी ठरवण्याचेही दोन प्रकार असतात. एकात गोलंदाजाची टप्प्याची सवय, क्षेत्ररचना, वारा, सीमारेषेचं अंतर हे सगळं वाचून ठरवलेलं असतं, आणि अंदाज चुकला तर निदान चेंडू अडवता येईल इतकी जागा ठेवलेली असते. सूर्यकुमारचं ट्रेंट ब्रिजवरचं २०२२ चं शतक, ५५ चेंडूंत ११७, पुन्हा पाहा: हुकलेल्या अंदाजावर तो शेवटच्या क्षणी मनगट वळवून चेंडू थर्डमॅनला सोडतो, हे दोन-तीनदा तरी दिसेल. (हेच तंत्र एकदिवसीय सामन्यांत नेलं तेव्हा २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तो सलग तीनदा पहिल्याच चेंडूवर बाद झाला. तंत्राला प्रांत असतात.) दुसऱ्या प्रकारात फक्त ठरवलेलं असतं.

त्यामुळे २०२४ च्या डिसेंबरात मेलबर्नला पंत बोलंडला पडत-झडत स्कूप करताना डीप थर्डला झेल देऊन गेला आणि समालोचन करणारे सुनील गावसकर तीनदा 'स्टुपिड' म्हणाले, तेव्हा समाजमाध्यमांवर जुने विरुद्ध नवे असा जो आखाडा भरला तो मला गैरलागू वाटला. गावसकरांची तक्रार स्कूपविरुद्ध नव्हती. आदल्याच चेंडूवर तसाच फटका फसून चेंडू अंगावर बसला होता, आणि त्या बाजूला सीमारेषेवर माणसं उभी होती. म्हणजे वाचायला समोर पुस्तक उघडं होतं आणि पंतने वाचलं नाही. शब्द जहाल होता, बोट बरोबर जागी होतं. सहा महिन्यांनी हेडिंग्लेला पंतने बशीरला एका हाताने षटकार मारून शतक गाठलं आणि त्याच गावसकरांनी तीनदा 'सुपर्ब' म्हटलं. लोकांनी त्याची टिंगल केली. म्हातारबुवांनी रंग बदलला, वगैरे. मी ती खेळी पुन्हा पाहिली तेव्हा षटकारांपेक्षा त्यांच्या मधल्या वेळात अडकलो. पंत स्वतःशी बडबडत होता, स्टंप माइकवर ऐकू येत होतं; मारायची उबळ आली की स्वतःलाच दटावत होता. दुसऱ्या डावातही त्याने ११८ केल्या. भारत तो सामना हरला, त्यामुळे निकालपत्र वाचणाऱ्यांची जरा पंचाईत झाली.

गावसकर १९८४ च्या त्या दिल्ली कसोटीत भारताचे कर्णधार होते. पंतला हेडिंग्ले मिळालं, कारण मेलबर्ननंतर त्याला कोणी वगळलं नाही.