आठवणीची साक्ष आणि विस्मरणाची सोय

दलित आत्मकथनांवर एक आक्षेप अजूनही घेतला जातो. बालपणीचा प्रसंग, त्यातले बोलणे, ताटातला तुकडा या लेखकांना इतक्या तपशिलाने आठवतो कसा? प्रश्नामागे संशय आहे. त्यावर केवळ चिडून भागणार नाही. माणूस आठवतो कसा आणि विसरतो का, हेच तपासले पाहिजे.

हर्मन एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरे पाठ करायची आणि काही वेळाने त्यांतले किती उरले ते मोजायचे. पहिल्या तासातच निम्म्याहून अधिक गळाले. पुढे गळती मंदावली. मात्र पुन्हापुन्हा उजळणी केलेले टिकले. आता पाहा, ओंजळीत वरून ओतलेले पाणी हे काही निरर्थक अक्षर नव्हे. ते झोंबत होते, आणि त्याची उजळणी गावच करून घेत होते. ओतणाऱ्याच्या लेखी मात्र तो सवयीचा भाग होता, आणि सवय वेगळी आठवण मागे ठेवीत नाही. म्हणून तो प्रामाणिकपणे म्हणू शकतो, "आमच्या गावात असे काही नव्हते." विस्मरणालाही जात असते!

पण आपलीही उलटतपासणी झाली पाहिजे. शाळेत मला असे वरून पाणी ओतल्याचे मी वर्षानुवर्षे सांगत आलो. परवा आई म्हणाली, "आरं, त्यो तू नव्हं, तुझा थोरला भाऊ." मी हादरलो. मग मी खोटे बोलत होतो काय?

केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेटने १९३२ साली याचे उत्तर दिले आहे. त्याने इंग्रज वाचकांना अमेरिकेतील आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि पुढे ती आठवून सांगायला लावली. अनोळखी तपशील गळाले, काही ओळखीच्या वस्तूंत बदलले. म्हणजे स्मृती पेटीत ठेवलेला फोटो नव्हे; माणूस ती दर वेळी नव्याने रचतो. भावाचा प्रसंग घरात इतक्यांदा सांगितला गेला की तो माझा झाला. तपशील चुकला, पण पाणी खरेच वरून ओतले गेले होते.

'बलुतं' (१९७८) मध्ये दगडू मारुती पवार दया पवारांना आपली कहाणी सांगतो. भोगणारा आणि आठवणारा यांच्यातले अंतर लेखकाने उघड मांडले आहे. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) मध्ये तर शीर्षकातच 'आमुचं' आहे. तिथे सारी वस्ती आठवते. माणूस समूहाच्या आधाराने आठवतो, हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्बवाक्स याने १९२५ सालीच मांडले होते. या पुस्तकांना कोर्टातली जबानी समजून तारखा तपासणारा समीक्षक चुकतो. आणि त्यांतले प्रत्येक वाक्य प्रश्नापलीकडचे मानणारा आपला कार्यकर्ताही चुकतो.

खरा धोका वेगळाच आहे. समूहाचा आधार सुटला की आठवणही सुटते. आपण वस्ती सोडून कॉलनीत आलो, चांगले झाले. पण मुलांपुढे त्या दिवसांविषयी बोलायचे टाळतो. वर्गातली आपलीच पोरे विचारतात, "सर, आता हे कशाला उकरायचे?" ओतणारा सवयीने विसरला, आपण लाजेने विसरतो आहोत. दोन्ही विस्मरणांचा फायदा मात्र एकालाच होतो.

म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच : ही पुस्तके परीक्षेपुरती वाचू नका. ती वाचून घरी जा, आईला, आजीला विचारा. त्यांचे बोलणे त्यांच्याच भाषेत लिहून घ्या, चार जणांकडून पडताळा. आपली आठवण चुकीची निघाली तर घाबरू नका. दुरुस्त केलेल्या साक्षीला खोटे पाडणे अधिक कठीण असते.