घोडा म्हणावा की खूर?

आमच्या अवसरी खुर्दच्या तालुक्यातून वाहणारी घोड नदी पुढे इनामगावला जाते. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. प्राण्यांच्या यादीत घोडाही आला. आपल्याकडचे लोकप्रिय लेखन अशा नोंदीवरून थेट आर्यांवर उडी मारते. दाढ कोणी पाहत नाही.

खालच्या दाढेवर, जिभेच्या बाजूला, एनॅमलच्या दोन वेटोळ्यांमध्ये खाच असते. घोड्यात ती साधारण ‘यू’सारखी पसरट, गाढवात आणि कच्छच्या रणातल्या खुरात ‘व्ही’सारखी टोकदार. पण दाढ झिजते तशी नक्षीही बदलते, आणि सुटी दाढ कितवी हे ठरवण्यातच निम्मे भांडण असते. सुरकोटड्याच्या अवशेषांत बोकोन्यी यांना १९९१ मध्ये पाळीव घोडा दिसला. मेडो आणि पटेल यांनी १९९७ मध्ये तो पुरावा अपुरा ठरवला. मला दुसरी बाजू पटते. बोकोन्यींचा अधिकार मोठा, पण खूर त्याच कच्छचा रहिवासी. त्याला आधी वगळायला हवे. विदर्भातल्या माहुरझरीला घोड्यांच्या अवशेषांबरोबर त्यांचा साजही निघाला, तिथे सगळा भार दाढेवर पडत नाही.

इनामगावचा घोडा पुढे करणाऱ्यांना मी म्हणूनच विचारतो: दाढ कितवी, किती झिजलेली, आणि शेजारी खुराची ठेवून पाहिलीत का?