युनियन स्क्वेअरमधील ख्रिस्त

न्यूयॉर्क शहरातील युनियन स्क्वेअर या उद्यानाचे नाव कामगार संघटनांवरून पडले असावे, असा अनेकांचा समज होतो. वस्तुतः दोन मोठे रस्ते तेथे एकत्र येत, म्हणून ते नाव. परंतु पुढे कामगारांनी ही जागा आपलीशी केली. १८८२ साली अमेरिकेतील पहिल्या कामगार दिनाची मिरवणूक येथूनच गेली, आणि १८९३ साली येथे केलेल्या भाषणाबद्दल एम्मा गोल्डमन यांना तुरुंगवास भोगावा लागला. अशा या जागी १ मे १९३३ रोजी, लाल बावट्यांच्या गर्दीत, डोरोथी डे यांनी 'द कॅथलिक वर्कर' या आपल्या पत्राचा पहिला अंक विकावयास आणला. प्रती २,५००, किंमत एक सेंट.

डोरोथीबाईंना २००० साली 'देवाची सेविका' म्हणून मान्यता मिळाली. त्यांच्या अन्नछत्रांविषयी भाविक ऐकून असतात. आम्हांला येथे त्यांच्या पत्रातील चित्रांविषयी लिहावयाचे आहे. कारण ती ज्या जागेसाठी निर्माण झाली ती जागा विसरली, तर त्यांचे मर्म हातून निसटते.

चर्चच्या दारात मिस्सानंतर विकल्या जाणाऱ्या नियतकालिकाचा वाचक आधीच आपला असतो. (आमचे हे त्रैमासिक त्यास अपवाद नाही.) उद्यानातला वाचक परका होता, घाईत होता, आणि धर्म हा धनिकांचा पक्ष घेतो याविषयी त्याची बहुधा खात्री झालेली होती. त्याची नजर लेखाआधी पहिल्या पानाच्या माथ्यावर पडणार. १९३५ साली आदे बेथ्यून या अगदी तरुण चित्रकर्तीने तो माथा नव्याने रेखाटला : मध्ये ख्रिस्त, त्याच्या दोन बाजूंना एक गोरा आणि एक कृष्णवर्णीय मजूर. रेषा जाड आणि मोजक्या. हलक्या कागदावरही न विरघळणाऱ्या. वंशभेद कायद्याने पाळला जाण्याच्या त्या काळात एवढी एक चौकट पुरेशी धीट होती. पुढे १९८५ साली बेथ्यूनबाईंनीच एका मजुराच्या जागी शेतमजूर स्त्री आणली. स्वतःच्या गाजलेल्या चित्रात अशी दुरुस्ती करणारे कलावंत थोडे.

१९५०च्या सुमारास आलेले फ्रिट्झ आयशेनबर्ग यांचे लाकडी ठशाचे चित्र मात्र याहून खोल जाते. आयशेनबर्ग जर्मनीतून आलेले, जन्माने ज्यू, पंथाने क्वेकर. त्यांनी भाकरीसाठी उभ्या असलेल्या माणसांची रांग कोरली आणि त्या रांगेत ख्रिस्ताला उभे केले. तो काळोख्या आकृतीच्या रूपात आहे; प्रकाश आहे तो मस्तकाभोवती. तो भाकरी वाटत नाही. तो भाकरीची वाट पाहतो आहे. आमच्या धार्मिक चित्रकलेत ख्रिस्त सहसा देणाराच असतो, आणि म्हणून त्याच्यापुढे हात जोडले की आपले काम संपते. येथे तशी सोय नाही. हे चित्र आता सुबक चौकटीत भिंतीवर लावले जाते, तेव्हा त्यातला जाब सौम्य होतो, ही तक्रार आम्हांला नोंदविलीच पाहिजे.

याच उद्यानात ६ नोव्हेंबर १९६५ रोजी, व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ, पाच तरुणांनी सक्तीच्या लष्करभरतीची आपली ओळखपत्रे जाळली. सदुसष्ट वर्षांच्या डोरोथीबाई व्यासपीठावरून त्यांच्या बाजूने बोलल्या. समोर विरोधकांचा जमाव ओरडत होता. तीनच दिवसांनी त्यांच्या कार्यातील एका तरुणाने संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीसमोर स्वतःला पेटवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. थॉमस मर्टन यांच्यासारखा स्नेहीही या घटनेने हादरला. आम्हांला त्या तरुणाचा न्याय करावयाचा नाही. पण कलेच्या दृष्टीने येथे एक भेद दिसतो. कागद जाळणारा त्याची शिक्षा भोगावयास मागे उरतो, आणि पाहणाऱ्याला त्याच्याशी वाद घालता येतो, त्याच्या शेजारी उभेही राहता येते. आयशेनबर्गचा ख्रिस्तही आपल्याला रांगेत जागा करून देतो. त्या ज्वाळेपुढे मात्र पाहणाऱ्याला मागेच सरावे लागले. डोरोथीबाईंनी त्या तरुणाला दूर लोटले नाही, आणि त्याचा कित्ता कोणी गिरवावा असेही त्यांनी म्हटले नाही. पत्राची किंमत त्यांनी अखेरपर्यंत एक सेंटच ठेवली.