शिडांची घडी

भाषांच्या गमतीजमती वाचणाऱ्याला ही गोष्ट कुठे ना कुठे भेटलेली असतेच. लॅटिनमध्ये 'प्लिकारे' म्हणजे घडी घालणे. खलाशी बंदराला आले की शिडांची घडी घालत, म्हणून स्पॅनिश 'येगार' म्हणजे पोहोचणे. रोमन सैनिक मुक्काम हलवताना तंबूंची घडी घालत, म्हणून रोमानियन 'प्लेका' म्हणजे निघणे. एकच क्रियापद, एकीकडे येणं, दुसरीकडे जाणं. ऑफिसातल्या दोन निरोपसमारंभांत मी ही गोष्ट सांगितली आहे आणि दोन्ही वेळा टाळ्या घेतल्या आहेत. तेव्हा ही टीका थोडी माझ्यावरही आहे.

घराण्याबद्दल वाद नाही. इटालियन 'प्येगारे' आणि फ्रेंच 'प्लिए' आजही दुमडण्याचंच काम करतात. ध्वनीही नियमाने बदललेत. लॅटिन 'प्लुविया' म्हणजे पाऊस. स्पॅनिशमध्ये 'युविया', पोर्तुगीजमध्ये 'शुवा'. त्याच वाटेने 'येगार' आणि पोर्तुगीज 'शेगार'. 'क्ल'चीही तीच गत: 'क्लाविस' म्हणजे किल्ली, स्पॅनिश 'यावे', पोर्तुगीज 'शाव्ह'. जुने पोर्तुगीज या 'श'च्या जागी 'च' म्हणत, म्हणून आपल्याकडे आली ती 'चावी'. हा पुरावा माझ्या खिशातच खुळखुळत असतो.

अडचण अर्थाची आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस इजेरिया नावाच्या बाईने सिनाई आणि जेरुसलेमची यात्रा केली आणि प्रवासाचं वर्णन लॅटिनमध्ये लिहून ठेवलं. त्याचं हस्तलिखित १८८४ मध्ये इटलीतल्या अरेत्सो गावी सापडलं. सिनाईच्या डोंगराजवळ जाताना ती हेच क्रियापद वापरते. भर वाळवंटात. शिडं कुठून आणायची?

त्यापेक्षा 'आप्लिकारे' पाहावं: एक वस्तू दुसरीला भिडवणे, जोडणे. नाव किनाऱ्याला लावण्यासाठीही रोमन लोक तेच वापरत. (ज्या 'ॲप्लिकेशन'वर माझं पोट चालतं, तेही याच कुळातलं.) म्हणजे गोष्टीतलं जहाज राहतं, शीड मात्र उतरवावं लागतं. जवळ नेणे, जवळ जाणे, पोहोचणे अशी ही साधी चाल. स्पॅनिशमध्ये 'आयेगार' अजूनही जवळ आणणे, गोळा करणे या अर्थाने आहे.

तंबूंना मी अर्धे गुण देईन. आपणही गाशा गुंडाळतोच. पण रोमानियन 'प्लेका'चा डोकं झुकवणे हा अर्थ आजही जिवंत आहे. झुकणे, एका दिशेला वळणे, निघणे असाही रस्ता असू शकतो आणि त्यात एकाही सैनिकाची गरज पडत नाही. आपलं 'लागणे' बघा ना. होडी किनाऱ्याला लागते, माणूस वाटेला लागतो. येणं-जाणं दोन्ही एका शब्दात आहे, आणि त्यासाठी आपण कधी दोन कहाण्या रचल्या नाहीत.

मला खटकतं ते हेच. माहितीचे दोनच बिंदू, आणि दोघांना प्रत्येकी एक बेतून शिवलेली गोष्ट. आमच्या धंद्यात याला ओव्हरफिटिंग म्हणतात. असा कोड कुणी पाठवला तर मी परत करतो. गोष्ट मात्र तीन वर्षं न तपासता वापरली, कारण ती ऐकायला छान होती.

गेल्या महिन्यात एक सहकारी सोडून गेला. या वेळी मी इजेरियाबद्दल बोललो. टाळ्या बेताच्याच पडल्या. केक कापून झाल्यावर एकाने विचारलं, "ती शिडांची गोष्ट का नाही सांगितलीस?"