एकच नट, दोन निवाडे

रॉड सर्लिंग या अमेरिकन लेखकाची 'द ट्वायलाइट झोन' ही दूरचित्रवाणी मालिका २ ऑक्टोबर १९५९ ते १९ जून १९६४ या काळात सीबीएस वाहिनीवर दाखवली गेली. एकूण भाग १५६. त्यांपैकी ९२ सर्लिंगने स्वतः लिहिले. प्रत्येक भागात नवी कथा, नवी पात्रे. एरवीच्या मालिकेतील नायक पुढच्या आठवड्यालाही हवा असतो, म्हणून तो वाचणार हे प्रेक्षक जाणून असतो. येथे तशी हमी कोणालाच नाही. परग्रहावरची याने आणि यंत्रे यांपेक्षा ही रचनाच आम्हांस अधिक बलवान वाटते.

सर्लिंग अद्भुताकडे वळला तो काहीसा नाइलाजाने. एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची १९५५ मध्ये मिसिसिपीत हत्या झाली. त्या घटनेवरून सुचलेले त्याचे नाटक १९५६ मध्ये पडद्यावर आले, तेव्हा प्रायोजकांच्या धास्तीपायी त्यातले गाव आणि बळी दोन्ही बदललेले होते. माणसाच्या तोंडचे जे कापले जाते ते परग्रहवासीयाच्या तोंडी खपून जाते, हे त्याने हेरले. (आपल्या पंचतंत्रकारांना ही युक्ती पूर्वीच ठाऊक होती!)

तथापि त्याची अखेरची कलाटणी दर वेळी न्याय्य असते, असे आम्ही म्हणणार नाही. २० नोव्हेंबर १९५९ चा 'टाइम इनफ अ‍ॅट लास्ट' हा भाग पाहावा. हेन्री बेमिस हा जाड भिंगांचा चष्मा लावणारा बँकेतील कारकून. वाचनाचे त्याला वेड, पण साहेब वाचू देत नाही. बायको तर त्याच्या कवितासंग्रहातील ओळीन् ओळ खोडून ठेवते. तो तिजोरीच्या खोलीत लपून वाचत असता बाहेर अणुयुद्धात सारे नष्ट होते. उरतो तो एकटा, आणि ग्रंथालयाची पुस्तके. तोच चष्मा पडून फुटतो. धानकापणी उरकल्यावर मंडईच्या रात्री झाडीपट्टीचे नाटक पाहणारा आमच्या गोंदिया जिल्ह्यातील प्रेक्षक येथे विचारील, "याचा गुन्हा काय?" त्याला माणसे नकोशी झाली होती, असे समर्थन करता येईल; पण त्या माणसांनीच त्याला कसे वागवले, ते आपण पाहिलेले असते.

बेमिस साकारणाऱ्या बर्जेस मेरेडिथनेच २ जून १९६१ च्या 'दि ऑब्सोलीट मॅन' मध्ये ग्रंथपाल वर्ड्सवर्थ उभा केला. पुस्तके बंद, देव नाही असा राज्याचा हुकूम. म्हणून ग्रंथपाल निरुपयोगी, आणि शिक्षा मृत्यूची. मरण्यापूर्वी तो अधिकाऱ्याला आपल्या खोलीत बोलावतो, दाराला कुलूप लावतो. मध्यरात्री बाँब फुटणार आहे. लपवून ठेवलेले बायबल काढून तो शांतपणे स्तोत्रे वाचू लागतो. फ्रिट्झ वीव्हरने साकारलेल्या अधिकाऱ्याचा ताठा हळूहळू गळतो आणि अखेरीस तो देवाचे नाव घेऊन सुटका मागतो. त्याच नावाने वर्ड्सवर्थ दार उघडतो. स्वतः मात्र आतच राहतो. हा प्रसंग आम्ही मालिकेतील सर्वश्रेष्ठ मानतो.

पण सर्लिंग येथे थांबत नाही. पुढच्या दृश्यात त्या अधिकाऱ्यालाच निरुपयोगी ठरवून जमाव त्याच्यावर तुटून पडतो. तर्काला हे धरून आहे, प्रेक्षक सुखावतोही. परंतु ज्याला वर्ड्सवर्थने सोडले, त्याला लेखकानेही सोडायला हवे होते, असे आम्हांस वाटते.