‘आज्ञापत्रा’तील टोपीकर आणि नागपूरकरांचे परराष्ट्रकारण

राजनीतीवर स्वतंत्रपणे लिहिलेले जुने मराठी ग्रंथ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि त्यांत रामचंद्र नीलकंठ अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’चे स्थान निर्विवादपणे पहिले आहे. इ. स. १७१५-१६ च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या नावाने सिद्ध झालेल्या या लहानशा ग्रंथातील एक भाग विशेष प्रसिद्धी पावला आहे. तो म्हणजे टोपीकरांविषयीचा. युरोपीय व्यापाऱ्यांच्या ठिकाणी दडलेली राज्यतृष्णा अमात्यांनी प्लासीच्या लढाईपूर्वी चाळीस वर्षे ओळखली, असे या भागाविषयी नेहमी सांगितले जाते आणि ते खरेही आहे. परंतु हे सांगून झाल्यावर आपले अभ्यासक बहुधा थांबतात. ग्रंथ भविष्यवाणी ठरला की त्याची चिकित्सा करण्याचे कारण उरत नाही. मग इतके स्पष्ट सांगून ठेवलेले असताना मराठ्यांनी ते ऐकले का नाही, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो, आणि त्याचे उत्तर म्हणून कोणाच्या तरी माथी फितुरीचा दोष मारला जातो. हा दोष ज्यांच्या वाट्याला वारंवार आला त्यांत नागपूरकर भोसले प्रमुख होत. प्रस्तुत लेखकाच्या मते येथे ग्रंथावरही अन्याय होतो व नागपूरकरांवरही. ‘आज्ञापत्र’ काय सांगते याइतकेच ते काय सांगत नाही, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम ग्रंथातील मजकूर पाहू. पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच व डेन हे टोपीवाले लोक सावकारी करतात खरे, पण ते इतर सावकारांसारखे नव्हेत. प्रत्येकाच्या मागे राज्य करणारा धनी उभा आहे. नव्या प्रदेशात शिरावे, मुलूख वाढवावा, आपला धर्म स्थापावा ही त्यांची आकांक्षा. हाती आलेले स्थळ ते मेल्यावाचून सोडीत नाहीत. त्यांचे बळ आरमार, तोफा आणि दारूगोळा यांत आहे. म्हणून त्यांच्याशी येण्याजाण्यापुरताच संबंध ठेवावा, समुद्रकाठी वखारीस जागा देऊ नये, द्यावीच लागली तर किनाऱ्यापासून काही कोस आत, शहराच्या दाबाखाली राहील अशा सखल जागी द्यावी, पक्क्या इमारती बांधू देऊ नयेत. असा एकंदर उपदेश आहे. या उपदेशामागे पुस्तकी विद्या नाही. १६६० साली पन्हाळ्यास सिद्दी जौहरचा वेढा पडला असता राजापूरच्या वखारीतील इंग्रज आपले निशाण लावून किल्ल्यावर तोफा डागण्यास गेले होते आणि पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी ती वखार लुटून त्यांना कैद केले. अमात्यांचे घराणे हे सर्व जवळून पाहिलेले होते. व्यापारी म्हणून आलेला माणूस एका रात्रीत युद्धातील पक्ष होतो, हा अनुभव त्या परिच्छेदाच्या मुळाशी आहे.

आता ग्रंथाच्या रचनेकडे वळू, कारण खरी गोष्ट येथेच हाती लागते. टोपीकरांसाठी ‘आज्ञापत्रा’त स्वतंत्र प्रकरण नाही. ते सावकारांच्या प्रकरणात, सावकारांना असलेला अपवाद म्हणून येतात. सावकार ही राज्याची शोभा, त्यांना मान द्यावा, त्यांच्या पेठा वसवाव्या, हे सांगता सांगता लेखणी अडखळते आणि हे मात्र तसे नव्हेत असे म्हणते. परराष्ट्र हा विषय व्यापाराच्या पोटी जन्माला येतो. वकील, तह, शेजारची राज्ये, मित्रसंघ यांचा विचार कौटिल्याने अधिकरणेच्या अधिकरणे केला. तो येथे जवळजवळ नाही. राजधर्म, प्रधान, सावकार, वतनदार, वृत्ती-इनामे, दुर्ग व आरमार अशी प्रकरणांची मांडणी आहे. हे राज्य आतून बांधण्याचे शास्त्र होय. बाहेरचा माणूस त्यात कोठे तरी दाराशी उभा दिसतो, आणि त्याला कोठवर आत घ्यावे एवढाच प्रश्न असतो.

भाषेनेही हेच सुचविले आहे. संपूर्ण ग्रंथ विध्यर्थी क्रियापदांवर चालतो: करावे, ठेवावे, देऊ नये. या ‘देऊ नये’चा कर्ता कोण? राजा. जागा देणारा तो एकटा, नाकारणारा तो एकटा. अमात्यांच्या वाक्याला ठसका आहे तो या एककर्तृत्वामुळे, आणि त्या गद्याचे सौंदर्य मान्य करूनच म्हणावे लागते की ग्रंथाची मर्यादाही तेथेच आहे. परकीयांशी कसे वागावे हे ‘आज्ञापत्र’ उत्तम रीतीने सांगते. परकीयांशी कोणी बोलावे, हा प्रश्न त्याला पडतच नाही.

जगातील दुसऱ्या एका टोकाचे उदाहरण घेतले म्हणजे हा भेद स्पष्ट होईल. जपानच्या तोकुगावा सत्तेने १६४१ पासून डच व्यापाऱ्यांना नागासाकीच्या बंदरातील देजिमा नावाच्या कृत्रिम बेटावर कोंडून ठेवले. अमात्य त्यांना किनाऱ्यापासून दूर आत नेऊ पाहतात, जपानी सत्ता त्यांना जमिनीपासून तोडून पाण्यात ठेवते. उपाय उलटे, हेतू एकच. जपानची व्यवस्था दोनशे वर्षांहून अधिक काळ टिकली ती तेथील राजपुरुष अमात्यांहून दूरदर्शी होते म्हणून नव्हे. युरोपीयांपुरते तेथे दार एकच होते आणि त्याची किल्ली एका हाती होती. मराठी मुलखाला दारे अनेक, आणि प्रत्येक दाराशी वेगळा कारभारी. ‘आज्ञापत्र’ लिहून पुरी चाळीस वर्षे होतात न होतात तोच, १७५५ साली सुवर्णदुर्गावर आणि १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांचे बळ मोडण्यासाठी पेशव्यांनीच इंग्रजांच्या आरमाराचे साहाय्य घेतले. ज्या आरमाराला अमात्य राज्याचे स्वतंत्र अंग मानतात ते टोपीकरांकडून बुडवून घेण्यात आले, आणि तेही नागपुरातून नव्हे, पुण्यातून. फितुरीचा हिशेब मांडणाऱ्यांनी ही रक्कम कोणाच्या नावे लिहावी?

अमात्यांच्या ध्यानात ही फट आली नव्हती असे नाही. वतनदारांच्या प्रकरणात त्यांनी म्हटले आहे की हे देशमुख-देशपांडे म्हणजे लहान लहान राजेच होत; परचक्र आले की वतनाच्या लोभाने ते आधीच शत्रूशी सलूख करतात, तिकडचे भेद इकडे व इकडचे तिकडे नेतात. टोपीकरांवरील मजकुराइतकेच हे निरीक्षण मोलाचे आहे. किंबहुना त्याहून अधिक, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पण दोन प्रकरणे दोन जागी राहिली. परका सावकार आणि घरचा वतनदार यांची गाठ पडली तर काय होईल, हे ग्रंथात कोठेही नाही. असणे शक्यही नव्हते. कारण तेव्हा सरदारांचे सुभे अद्याप राज्यांच्या योग्यतेला पोचले नव्हते.

ते पुढील पन्नास वर्षांत पोचले. नागपूरचे उदाहरण घ्यावयाचे ते याचसाठी. थोरल्या रघूजींनी बंगालच्या स्वाऱ्या आपल्या जबाबदारीवर केल्या. त्यांना अडविण्यासाठी १७४३ मध्ये नानासाहेब पेशवे अलिवर्दीखानाच्या बाजूने बंगालात उतरले, आणि अखेर शाहू महाराजांनी मध्ये पडून दोघांची कार्यक्षेत्रे वाटून दिली. एकाच राज्याच्या दोन सेवकांमधील ही वाटणी वाचताना दोन राज्यांमधील तह वाचतो आहोत असे वाटते. १७५१ च्या तहाने नागपूरकरांना बंगालची चौथाई म्हणून सालीना बारा लक्ष रुपये ठरले व ओरिसा त्यांच्या हाती आला. येथून नागपूरच्या राजकारणाचे तोंड पूर्वेकडे वळले. पुण्याला चिंता पश्चिम किनाऱ्याची, निजामाची व हैदराची. नागपूरला कटकेची व चौथाईच्या थकबाकीची. बंगालची दिवाणी १७६५ मध्ये कंपनीकडे गेल्यावर ही थकबाकी इंग्रजांकडे मागावी लागली, म्हणजे बोलणे त्यांच्याशीच करावे लागले. उलट इंग्रजांना कटक हवे होते, ते बंदर म्हणून नव्हे, तर कलकत्ता व मद्रास यांना जोडणारी खुष्कीची वाट म्हणून. टोपीकरास समुद्रापासून तोडले म्हणजे तो दुबळा होतो, हे अमात्यांचे गृहीतकृत्य कोकणात बरोबर होते. महानदीच्या काठी टोपीकर समुद्रकिनाऱ्याला जमिनीचा रस्ता मानून चालला होता. तेथे हे शास्त्र लागू पडेना.

कोणी बोलावे हा प्रश्न मराठी राजकारणात उघडपणे विचारला गेला तो १७६९ च्या कनकापूरच्या तहात. थोरल्या माधवरावांनी नागपूर प्रांतावर चाल करून जानोजींना नमविले आणि जी कलमे कबूल करून घेतली त्यांत एक असे होते की दिल्लीचा बादशहा, निजाम, इंग्रज आदींशी भोसल्यांनी पेशव्यांच्या संमतीवाचून राजकारण करू नये. ‘आज्ञापत्रा’त नसलेले प्रकरण ते हेच. एका कलमाचे, तेही तलवारीच्या बळावर लिहून घेतलेले.

ते कलम किती टिकले याचा दाखला दहा वर्षांच्या आत मिळतो. १७७८ मध्ये हेस्टिंग्जने अलेक्झांडर इलियट यास वकील म्हणून नागपुरास धाडले. तो सप्टेंबरात वाटेतच, सारंगगडच्या मुलखात वारला. मुधोजींना सातारच्या गादीवरील हक्काची आशा दाखवावी असा हेस्टिंग्जचा बेत होता. नागपूरच्या बाजूने ही सूत्रे हलविणारा पुरुष म्हणजे दिवाकर पुरुषोत्तम चोरघडे ऊर्फ देवाजीपंत. पेशवाईतील ‘साडेतीन शहाण्यां’त त्याची गणना पूर्ण शहाण्यांत होते व नाना फडणीस अर्धेच ठरतात, ही गोष्ट नागपूरकर वाचकांस आवडीने आठवत असेल. इंग्रजांविरुद्ध पुणे, निजाम, हैदर व नागपूर यांची चौकडी जमली तेव्हा बंगालवर जाण्याचे काम मुधोजींच्या वाट्यास आले. त्यांनी पुत्र चिमणाजीस मोठ्या फौजेनिशी पाठविले खरे, पण कलकत्त्यास आतून कळविले की हे केवळ पुण्याच्या भिडेखातर आहे. फौज कटकेस रेंगाळली. हेस्टिंग्जकडून लक्षावधी रुपये घेऊन परतली. आणि १७८१ मध्ये कर्नल पिअर्सची पलटणे त्याच कटकेच्या वाटेने हैदराविरुद्ध मद्रासकडे निघून गेली. त्याच वर्षी काशीच्या चेतसिंगाच्या प्रकरणात हेस्टिंग्ज चुनारच्या किल्ल्यात पैशावाचून अडकला असता त्याला लक्ष रुपये देऊ करणारा गृहस्थ कोण, तर नागपूरकरांचा वकील बेनीराम पंडित! पुढे हेस्टिंग्जने त्यास जहागिरी देवविली. टोपीकरास वखारीला कोठे जागा द्यावी हे ठरविणाऱ्या शास्त्रात, आपलाच वकील टोपीकराचा सावकार होईल, याला उत्तर कोठून असणार?

मुधोजींचे समर्थन करण्याचा येथे हेतू नाही. दोन्हीकडे शब्द देऊन एकीकडून द्रव्य घ्यावयाचे, हे धोरण अगदी हिशेबाच्या दृष्टीनेही तोट्याचे ठरले. रुपये आले, पण कटकेची वाट शत्रूला कशी उपयोगी पडते हे त्याला दाखविले गेले. मात्र या चुकीला फितुरी म्हणताना आपण असे गृहीत धरतो की मराठ्यांचे परराष्ट्रकारण एक होते व नागपूरने ते मोडले. ते एक नव्हते. ते एक करण्याचा प्रयत्न कनकापुरास झाला आणि माधवरावांबरोबर १७७२ मध्ये संपला. या. मा. काळे यांच्या ‘नागपूर प्रांताचा इतिहासा’सारखा ग्रंथ हाताशी असूनही, पुण्याच्या दफ्तरावरून लिहिलेला निकाल आपण नागपुरात बसून जसाच्या तसा शिकवीत आलो, याचे आश्चर्य वाटते.

पुढील हकीकत सर्वश्रुत आहे. अडगावची लढाई व गाविलगडचा पाडाव झाल्यावर १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजींनी कटक व वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड गमावला आणि एल्फिन्स्टन रेसिडेंट म्हणून नागपुरास आला. तैनाती फौज मात्र रघूजींनी अखेरपर्यंत पत्करली नाही. या दृढतेचे श्रेय त्यांना क्वचितच दिले जाते. ते मार्च १८१६ मध्ये वारले आणि दोनच महिन्यांत आप्पासाहेबांनी तैनातीच्या तहावर सही केली. कंपनीच्या संमतीवाचून अन्य सत्तांशी राजकारण करू नये, हे या जातीच्या तहांचे मुख्य अंग. कनकापुरास माधवरावांना जे कलम हवे होते तेच हे. सत्तेचाळीस वर्षांनी ते दुसऱ्याच्या हाती पडले. परकीयांशी कोणी बोलावे या प्रश्नाचे उत्तर मराठ्यांना आपसांत देता आले नाही. वेलस्लीच्या पद्धतीने ते बाहेरून दिले.

या दृष्टीने ‘आज्ञापत्र’ आमच्या विभागाच्या अभ्यासात पुन्हा यावयास हवे. त्याचे इंग्रजी भाषांतर करणारे श्री. व्यं. पुणतांबेकर पुढे नागपूर विद्यापीठात राज्यशास्त्राचे प्राध्यापक झाले. मानवी हक्कांवरील युनेस्कोच्या १९४९ च्या ग्रंथात ज्यांचा निबंध आहे तेच हे. मराठी आवृत्ती सिद्ध करणारे श्री. ना. बनहट्टीही नागपूरचेच प्राध्यापक. इतका जवळचा संबंध असूनही आंतरराष्ट्रीय संबंधांच्या वर्गात आपण कौटिल्याच्या मंडलावरून एकदम वेस्टफालियावर उडी मारतो, आणि मधले हे पान मराठी विभागाकडे गद्याचा नमुना म्हणून सोडून देतो. ते कनकापूरच्या कलमांशेजारी आणि एच्. एन्. सिन्हा यांनी संपादिलेल्या नागपूर रेसिडेन्सीच्या कागदपत्रांशेजारी ठेवून वाचावे. त्या कागदांत जेंकिन्सच्या काळातील रेसिडेन्सीची जागाही सापडते: शहराच्या पश्चिमेस, मध्ये सीताबर्डीची टेकडी. वखार सखल जागी, शहराच्या दाबाखाली असावी, असे अमात्यांनी सांगितले होते. नागपुरात तशी ती सखल जागी होतीही. परंतु २६ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईपूर्वीच इंग्रजांची पलटणे टेकडीवर चढून बसली होती.